क्रिस्पी हनी-चिली कोळंबी घरी मऊ का पडते?

कढईतून काढली तेव्हा खडखडीत आणि सॉसमध्ये घोळवून ताटात येईपर्यंत ओल्या पापडासारखी. घरी केलेल्या गोड-तिखट क्रिस्पी कोळंबीची ही नेहमीची रड. मग कॉर्नफ्लोअर वाढवलं जातं, गॅस मोठा केला जातो, सॉसचा ब्रँड बदलला जातो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हॉटेलात भट्टी मोठी असते हे खरं, पण घरच्या गॅसवरही ही कोळंबी दहा-बारा मिनिटं कुरकुरीत राहू शकते. बिघडतं ते बहुतेक वेळा तळण्याच्या आधी किंवा नंतर.

रेसिपीला हात लावण्याआधी एक चाचणी करा. तळलेल्या कोळंबीतले तीन नग सॉसमध्ये न घालता जाळीवर बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांनी खा. अजून कुरकुरीत असतील तर कोळंबी, पीठ, तेल सगळं ठीक आहे, दोष सॉसचा आहे. खाली थेट पाकाच्या भागाकडे जा. वरून मऊ पडले असतील तर पीठ किंवा तेलाचं तापमान चुकलंय. कोटिंग सालीसारखं सुटून आलं आणि आत पाणी दिसलं, तर कोळंबीच ओली होती. तिन्ही ठिकाणी गुन्हेगार पाणीच आहे, फक्त ते कुठून आलं एवढाच फरक.

कोळंबी घेताना

या पदार्थाला मध्यम आकार हवा: डोक्यासकट किलोला 40 ते 50 नग बसतील अशी. सोलल्यावर एक नग साधारण 11-12 ग्रॅमचा होतो आणि वरचं कोटिंग सोनेरी व्हायला लागतो तितक्याच वेळात आतून शिजतो. करंदी घेऊ नका. कोटिंगला रंग येईपर्यंत ती रबर होते. मोठी टायगर उलट त्रास देते, बाहेर तपकिरी आणि आत कच्ची. डोकं आणि साल काढल्यावर वजन जवळपास निम्मं उरतं, म्हणून इथली सगळी मापं ज्या 250 ग्रॅम सोललेल्या कोळंबीची आहेत, तिच्यासाठी बाजारातून अर्धा किलो आणावी लागते.

पुण्यात गणेश पेठेतून घ्या, कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून घ्या किंवा घराजवळच्या कोळणीकडून, साफ करून घेताना एक सांगा: डोकं काढून द्या, पण सोलून पाण्याच्या बादलीत बुडवू नका. सोललेली कोळंबी साध्या पाण्यात पडली की पाणी पिते, आणि ते पाणी नंतर तेलात वाफ होऊन कोटिंग उचलतं. डोकं मात्र तिथेच काढून घ्यावं. पचनाचे रस डोक्यातच असतात आणि ते घरी येईपर्यंत मांस मऊ करायला लागतात. 1 जून ते 31 जुलै राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात बाजारात बहुतेक शेततळ्यात वाढवलेली व्हॅनामेई जातीची कोळंबी किंवा फ्रोजन माल दिसतो. या पदार्थाला व्हॅनामेई अगदी चालते. इतक्या मध-मिरचीखाली समुद्राच्या कोळंबीची चव तशीही झाकली जाते, ती कालवणासाठी राखून ठेवलेली बरी.

फ्रोजन पाकिटाचं गणित वेगळं. त्यावर बर्फाचा थर असतो आणि पुष्कळदा मांस पाणी धरून ठेवावं म्हणून फॉस्फेट लावलेलं असतं. पाकिटावर घटकांच्या यादीत फॉस्फेट किंवा ई 451 दिसलं तर ती कोळंबी तळताना पाणी सोडणार हे धरून चाला आणि शक्य असेल तर दुसरं पाकीट घ्या. वितळवताना चाळणीत काढा, खाली भांडं ठेवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. गरम पाण्यात घालून घाईने वितळवलेली कोळंबी बाहेरून अर्धी शिजते आणि आत बर्फ तसाच राहतो.

साफ करताना पाठीचा काळा दोरा काढायचाच, पण शेपटीकडेही लक्ष द्या. शेपटी ठेवायची असेल तर तिचं टोक तिरकं कापा आणि सुरीच्या पाठीने आतलं पाणी निपटून काढा. तेलात जो अचानक फटाका फुटतो तो याच दोन थेंबांचा. पोटाच्या बाजूने तीन उथळ चिरा दिल्या तर कोळंबी सरळ राहते आणि सगळीकडून सारखी तळली जाते.

हळद-मीठ-लिंबू इथे नको

मराठी हाताला सवय असते: कोळंबी आली की हळद, मीठ, लिंबू किंवा कोकमाचं आगळ, वर आलं-लसणाचं वाटण, आणि अर्धा तास मुरत ठेवायची. रवा लावून तव्यावर भाजायची असेल तर हे उत्तम. इथे प्रत्येक गोष्ट आडवी येते. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं. लिंबाचं आम्ल वरचा थर कच्चाच पांढरा करून टाकतं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं द्रव्य असतं, त्याने मांस पिठूळ होतं. आणि वाटणातला लसूण 180 अंशांच्या तेलात काळा पडून सगळ्याला कडू करतो. सोया सॉस किंवा मध आधी लावणं तर आणखी वाईट. साखर जळते आणि कच्च्या कोळंबीला शिजल्याचा रंग येतो.

त्याऐवजी 250 ग्रॅम कोळंबीला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ चोळून 15 ते 20 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. सोड्यामुळे मांस थोडं अल्कधर्मी होतं, शिजताना कमी आकसतं आणि स्वतःचं पाणी स्वतःत धरून ठेवतं. हॉटेलच्या कोळंबीला दाताखाली जो कटकन आवाज येतो तो बहुतेक याच सोड्यामुळे. चमचाभर घातलात तर साबणाची चव येईल आणि पोत बुळबुळीत होईल, तेव्हा मापात राहा. नंतर गार पाण्याखाली अर्धा मिनिट धुऊन टाका.

आता कोरडी करणं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण चाळणीत पाच मिनिटं ठेवली म्हणजे झालं असं वाटतं. स्वच्छ सुती पंचावर एका थरात पसरा, वर दुसरा पंचा दाबा, मग कोरड्या ताटलीत उघडीच ठेवून 30 मिनिटं फ्रिजमध्ये. बोट लावल्यावर चिकट लागली पाहिजे, ओली नाही. एवढं केलं तरी कोटिंग सुटण्याची तक्रार बऱ्याच अंशी मिटते.

पीठ कोणतं, आणि किती

इथे एक गोंधळ आधी निस्तरू. दुकानातलं कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा, बोटांत चुरचुर वाजणारा मक्याचा स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ वेगळं, त्याची भाकरी होते, क्रिस्पी कोळंबी होत नाही. (कस्टर्ड पावडरही कॉर्नफ्लोअरचीच असते हे खरं, पण व्हॅनिलाच्या वासाची कोळंबी कोणाला वाढू नका.)

नुसता मैदा घेतला तर पाण्याशी गाठ पडताच त्यात ग्लुटेन तयार होतं आणि थंड झाल्यावर कोटिंग चिवट होतं. नुसतं कॉर्नफ्लोअर छान कडक होतं, पण काचेसारखं फुटतं आणि नीट धरत नाही. म्हणून मिश्रण: 60 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, 20 ग्रॅम बारीक तांदळाचं पीठ, 20 ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि मिरपूड. बेकिंग पावडरमुळे थरात बारीक बुडबुडे होतात आणि तो जड न होता खुसखुशीत होतो. इथे चुकून खाण्याचा सोडा घातला तर रंग झपाट्याने गडद येतो, चव बिघडते. बेसन नको, रवा तर अजिबात नको. रव्याचे कण पाक शोषून घेतात आणि दोन मिनिटांत शिऱ्याच्या वाटेला लागतात.

भज्यासारखं सरसरीत पीठ भिजवून त्यात कोळंबी बुडवणं ही दुसरी मोठी चूक. फुगतं, दिसायला भरघोस दिसतं, पण आतला थर स्पंजसारखा राहतो आणि सॉस पितो. हवा आहे पातळ, कोरडा, खडबडीत थर. त्यासाठी एका अंड्याचा पांढरा भाग काट्याने थोडासा फेटा, त्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर मिसळा आणि कोरडी केलेली कोळंबी त्यात घोळवा. तळाशी ओघळ साचत असेल तर पीठ थोडं वाढवा. मग एकेक नग कोरड्या मिश्रणात टाकून मुठीत हलकेच दाबा आणि जादा पीठ झटका. कोरड्या पिठात आधीच एक चमचा ते अंड्याचं मिश्रण बोटांनी चोळून ठेवलं तर बारीक कण तयार होतात. तेच चिकटून वर खडबडीत कडा येतात.

पीठ लावल्यावर जाळीवर पाच ते आठ मिनिटं थांबा. कोरडं पीठ ओल शोषून घट्ट बसतं. पांढरे कोरडे डाग दिसेनासे झाले की तेलात जायला तयार. अर्धा तास थांबलात तर मात्र त्याचा चिखल होतो, म्हणून पीठ लावायच्या आधी तेल तापत ठेवा.

तेल

24 सेंटिमीटरच्या लोखंडी कढईत निदान एक लिटर रिफाइंड तेल हवं, शेंगदाणा किंवा सूर्यफूल. लाकडी घाण्याचं तेल पुण्यात हल्ली घरोघरी आहे. फोडणीला सुरेख, पण नुसत्या गाळलेल्या, रिफाइंड न केलेल्या तेलाचा धूर रिफाइंडपेक्षा बराच लवकर निघतो आणि फेसही येतो. दुसऱ्या तळणीच्या 190 अंशांना ते टिकणार नाही.

पहिली तळणी 170 अंशांवर, 70 ते 75 सेकंद. एका वेळी सात-आठ नग, जास्त नाही. पावभर कोळंबी एकदम ओतली तर तेल 140 च्या घरात उतरतं, घरचा गॅस ते पटकन वर आणू शकत नाही, आणि तेवढ्या वेळात कोटिंग तेल पितं. हॉटेलच्या भट्टीचा खरा फायदा एवढाच, की तिथे तेल पुन्हा लगेच तापतं. तुम्ही घाणे लहान केलेत की तो फायदा घरी मिळाला. टाकल्यावर पहिली 20-25 सेकंद झारा लावू नका, थर अजून ओला असतो आणि घासून निघतो.

थर्मामीटर नसेल तर कोटिंगच्या ओल्या मिश्रणाचा थेंब टाका. तळाशी बसून हळूहळू वर आला तर तेल गार आहे. अर्ध्यावर जाऊन वर आला तर साधारण 170. बुडलाच नाही आणि पृष्ठभागावरच फुलला तर 190 च्या आसपास. तरीही केकचं सामान मिळतं तिथून साधा काट्याचा थर्मामीटर घ्याच, पाकालाही तोच लागणार आहे.

काढलेली कोळंबी टिश्यूवर ढीग करून ठेवली की वाफ खालीच अडकते आणि खालची बाजू भिजते. केक गार करायची तारेची जाळी वापरा, खाली ताट. तीन-चार मिनिटं थांबा. या वेळात आतली ओल बाहेरच्या थरात येते, आणि दुसरी तळणी नेमकी तीच ओल उडवून लावते: 190 अंश, 25 ते 30 सेकंद, आता सगळी कोळंबी दोन घाण्यांत चालेल. त्यापुढे गेलात तर मांस कडक होतं. चिरा दिल्या नसतील तर आकार बघा: चंद्रकोरीसारखी वळली तर शिजली, शेपूट तोंडाला लागून वेटोळं झालं तर जास्त झाली.

आणि तेल टाकताक्षणी साबणासारखा फेस धरत असेल, गडद आणि चिकट झालं असेल, तर त्याच्यावर पुढे काही करू नका. त्यात कोळंबी कुरकुरीत होण्याआधीच काळपट होते.

पाक, म्हणजे सॉस

चाचणीतले तीन नग कुरकुरीत राहिले आणि बाकीची कोळंबी मऊ पडली, तर तुमचा सॉस पातळ आहे. जाड दिसत असला तरी. जाड दिसणं आणि पाणी कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरच्या सॉसचा घोळ इथेच असतो. मंचुरियनच्या सवयीने आपण सॉसमध्ये कॉर्नफ्लोअरचं पाणी ओततो. तो लगेच दाट, चकचकीत होतो, पण ते सगळं पाणी आतच असतं, जेलीसारखं धरलेलं. गरम कोटिंगला लागलं की ते शोषलं जातं. या पदार्थाच्या सॉसमध्ये कॉर्नफ्लोअर घालायचंच नाही. दाटपणा साखरेतून आला पाहिजे, म्हणजे सॉस नव्हे, तिखट-आंबट पाकच करायचा. दिवाळीत चिरोट्यांसाठी पाक केला असेल तर अर्धी विद्या तुमच्याकडे आहे.

250 ग्रॅम कोळंबीसाठी: 25 ग्रॅम साखर, म्हणजे दोन मोठे चमचे, 40 ग्रॅम मध, म्हणजे दोन मोठे चमचे, एक मोठा चमचा मिरची-लसूण सॉस किंवा केचप, दोन छोटे चमचे सोया सॉस, दोन छोटे चमचे व्हिनेगर, साखर विरघळायला दोन मोठे चमचे पाणी. एक छोटा चमचा तेलात पाच-सहा पाकळ्या बारीक चिरलेला लसूण आणि एक छोटा चमचा जाडसर कुटलेली लाल मिरची मंद आचेवर परता, लसूण जेमतेम पिवळसर झाला की बाकी सगळं घाला. ब्याडगी घेतलीत तर रंग चांगला येतो, तिखटपणा बेताचा राहतो.

आता आटवा. मध स्वतःच जवळपास 18 टक्के पाण्याचा असतो, केचप आणि व्हिनेगरमध्ये तर पाणीच जास्त, त्यामुळे नुसतं एक उकळी आणून भागत नाही. मध्यम आचेवर बुडबुडे आधी मोठे आणि पाणीदार असतात, मग लहान, दाट आणि सावकाश फुटणारे होतात. वजनकाट्यावर पातेलं धरलंत तर आतला सॉस 80-85 ग्रॅम उरायला हवा, म्हणजे सुमारे चार मोठे चमचे. दोन बोटांत एक तार सुटली पाहिजे. थर्मामीटरवर एकतारी पाक पुस्तकांत 110 अंशांना सांगतात, पण ते समुद्रसपाटीचं गणित. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, पाणी इथे 98 अंशांना उकळतं, तेव्हा पाकाचा आकडाही दोन अंशांनी कमी धरा: 108. उकळत्या पाण्यात थर्मामीटर एकदा बुडवून खात्री करून घ्या; तो 98 च दाखवत असेल तर बिघडलेला नाही.

115 च्या पुढे गेलात तर ताटात गार होताना कोळंबी एकमेकींना चिकटून ढेकूळ होतं आणि दाताला चिकटतं. चिक्की लोणावळ्याचीच बरी. वेळीच लक्षात आलं तर एक मोठा चमचा पाणी घालून पुन्हा 108 वर आणता येतं. पाक साखरला, म्हणजे गार होताना रवाळ झाला, तर मध किंवा व्हिनेगर कमी पडलं असं समजा. दोन्ही साखरेला पुन्हा खडे धरू देत नाहीत. नुसत्या साखरेचा पाक करून मध वाचवायचा प्रयत्न इथे महागात पडतो.

क्रम असा ठेवा: पहिली तळणी, मग पाक, मग दुसरी तळणी. पाक तयार करून गॅस बंद, दुसरी तळणी झाली की जाळीवर फक्त एक मिनिट, तेवढ्यात पाक पुन्हा बुडबुडे येईपर्यंत गरम, गॅस बंद, कोळंबी आत, दहा-बारा सेकंद पातेलं उडवून घोळवा आणि लगेच पसरट ताटात एका थरात. गार पाक दाट होऊन थापला जातो आणि एका जागी जाड बसतो. गरम पाक पातळ वाहतो आणि नुसती चकाकी देऊन जातो. घोळवल्यावर पातेल्याच्या तळाशी सॉसचं तळं उरलं, तर पाक जास्त झालाय. पुढच्या वेळी कमी करा, ते तळं कोळंबीवर ओतू नका.

सिमला मिरची, कांदा घालायची हौस असेल तर चौकोनी तुकडे वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर मिनिटभर परतून कोरडे करा आणि कोळंबीच्या शेजारी ठेवा, पाकात नाही. कांद्याची पात आणि भाजलेले तीळ वरून. वाढताना लिंबू पिळू नका. आंबटपणा कमी वाटला तर पुढच्या वेळी व्हिनेगर अर्धा चमचा वाढवा. झाकण कोणत्याही परिस्थितीत ठेवू नका, पाहुणे लिफ्टमध्ये असले तरी.

पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की मधाचा थर ती ओढून घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये दहा मिनिटांऐवजी पाच-सहा मिनिटांचं गणित धरा आणि पीठही आदल्या दिवशी मिसळून उघडं ठेवू नका. पाहुणे येणार असतील तर पहिली तळणी तासभर आधी करून, गार झाल्यावर जाळीसकट फ्रिजमध्ये उघडी ठेवता येते. दुसरी तळणी मग 45 सेकंदांची करा.

एअर फ्रायरमध्ये होईल का, असं हमखास विचारलं जातं. कोरडा स्टार्च तेलाशिवाय पांढरा आणि पिठूळच राहतो. कोटिंगवर तेलाचा फवारा नीट मारून 200 अंशांवर सहा-सात मिनिटं, मध्ये एकदा उलटून, असं केलं तर खाण्यासारखी होते, पण पाक निम्माच घ्या, कारण तो थर इतका ओलावा झेलत नाही.

उरलेली कोळंबी पाकात घोळवलेली असेल तर ती पुन्हा कुरकुरीत होत नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर रबर होते. म्हणून खाणारे किती हे आधी मोजा, तेवढेच नग घोळवा, आणि बाकीची पहिल्या तळणीवरच थांबवून हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी 190 अंशांवर 50 सेकंद आणि ताजा पाक.